गवत्या

चिचटोल्याच्या तळ्याचं वय
कुणी नीट सांगत नाही.
कोहळ्यांनी पाळ घातली म्हणतात,
माती पायाने तुडवत, चोपत.
पाळीखाली बांध्या आल्या, बांध्यांत धान,
धानामागून माणसं,
माणसांमागून आम्ही ढिवर, खांद्यावर जाळी घेऊन.
दसारामकाका म्हणतो, आमी पयलेच होतो,
तळं मंग आलं.
यावर अजून भांडण आहे.

माझ्या नवव्या वर्षी सोसायटीचा ट्रक आला.
फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या,
आत अर्धं पाणी, अर्धी हवा आणि बोटभर मासे.
साहेब म्हणाले, हा चायनाचा गवत्या,
तण खातो, लवकर वजन धरतो.
आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने तण खाल्लं.
मग देवधान खाल्लं, कमळाचे कोंब खाल्ले,
ज्याला नाव फक्त भागरताबाईला ठाऊक होतं
तेही खाल्लं.
मरळीला पिल्लं लपवायला आडोसा उरला नाही.
अडई एका हिवाळ्यात आल्या,
वरून एक चक्कर मारली
आणि खाली उतरल्याच नाहीत.
पाणी इतकं नितळ कधी नव्हतं.
बघायला छान वाटायचं.

पुढे साकोलीच्या कॉलेजात
एका जाड पुस्तकात तो मला पुन्हा भेटला, त्याच्या गावी.
तिथे नदीच्या मुखाजवळ
लोकांनी दलदल खणून तळी केली होती,
उपसलेल्या मातीवर तुती लावली होती.
पाला किड्यांना, किड्यांची घाण माशांना,
तळाचा गाळ परत तुतीच्या बुडाशी.
शेकडो वर्षं हेच.
पाळीवरचं गवत कापून
बायका त्याला घालत, गाईला घालावं तसं.
त्याची भूक तिथे विळ्याने मोजलेली होती.

आमच्याकडे तो एकटाच आला.
ती बाई, तिचा विळा, ती तुती
पिशवीत कुणी भरून पाठवलं नाही.

(रेशीम आमच्याकडेही आहे.
काका येनावर कोसा राखतो,
पाखरांवर गोफण फिरवत
दिवसभर शिव्या देतो.)

मे महिन्यात तळ आटला तेव्हा
भागरताबाईने आठ बायका जमवल्या,
तळात नांगर घातला.
शेजारच्या बोडीतून कंद आणले, ओल्या पोत्यांत,
बसच्या टपावरून.
कंडक्टरने पोत्यांचं तिकीट मागितलं.
गाव पाळीवर बसून हसलं:
चिखलात का पेरते वं, बाई?
ती म्हणाली, तळं.

दुसऱ्या वर्षी देवधानाला लोंब्या आल्या.
तिसऱ्या वर्षी अडई उतरल्या, सात.
मी मोजल्या, काकाने नऊ मोजल्या.

नवा गवत्या सोडायचा नाही, असं सोसायटीत ठरलं.
जुना आत होताच कुठेतरी.
त्याची अंडी वाढायला लांब वाहती नदी लागते,
इथे चारी बाजूंनी पाळ.
त्याने इतकी वर्षं नुसतं वय वाढवलं.

या चैत्रात तो जाळ्यात आला
आणि जाळं फाडून निम्मा बाहेर गेला.
चौघांनी मिठी मारून काढला.
तराजूवर मावेना.
सेक्रेटरी म्हणाला, साकोलीला भाव येईल.
भागरताबाईने त्याच्या पोटावरून हात फिरवला:
इतल्या वर्षांचं आपलं तळं हाय याच्यात,
बाजारात कायले देता?

घरटी एक तुकडा आला.
चव चिखलाची होती, काटे पुष्कळ.
काका म्हणाला, मरळीची सर नाही,
आणि शेपटीकडचा अजून एक मागून घेतला.

फाटलं जाळं ओसरीवर टांगलेलं आहे.
काका रोज सुई-दोरा घेऊन बसतो,
भोकातून तळ्याकडे बघतो, उठतो.
डोळा केवढा ठेवू, असं मला विचारतो.
आता पाण्यात कोण येणार, किती मोठं होणार,
ते कळल्याशिवाय
पहिली गाठ कशी मारायची?